त्याला घरचं सांगायचं की नाही?

‘तिकडे त्यांच्या डोक्याला आधीच ताप, त्यात घरचं रडगाणं कशाला ऐकवायचं? पण मग फोनवर बोलायचं तरी काय?’ फौजेतल्या घरांतून हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. माझं उत्तर ठरलेलं असतं: सांगा. कसं सांगायचं, ते मात्र शिकावं लागतं. कोपरखैरणेच्या एका घराचा अनुभव लिहिते. ओळख पटणार नाही इतके तपशील बदलले आहेत.

घर माथाडी कामगाराचं, मूळ गाव पाटण तालुक्यात. सासऱ्यांचा जन्म तुर्भ्याच्या बाजारात पोती वाहण्यात गेला. मुलगा सैन्यात, वर्षभरासाठी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून दक्षिण सुदानमधल्या मलाकालला गेलेला. २०११ साली स्वतंत्र झालेल्या या देशात डिसेंबर २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर आणि त्यांचे माजी उपाध्यक्ष रिक माचार यांच्या बाजूने लढणाऱ्यांत यादवी पेटली. २०१८ मध्ये करार झाला, तरी धग राहिलीच. मार्च २०२५ मध्ये तिथल्या नासिर गावात पुन्हा भडका उडाला आणि ७ तारखेला जखमी सैनिकांना आणायला गेलेल्या शांतिसेनेच्या हेलिकॉप्टरवर गोळीबार झाला. त्यात हेलिकॉप्टरवरचा एक कर्मचारी गेला.

ही बातमी सूनबाईंनी मोबाइलवर पाहिली. फोन लागेना, व्हॉट्सअॅपवर एकच टिक. पुढे त्याचा फोन आला, तो सुखरूप होता, पण हिची झोप उडाली ती उडालीच. माझ्याकडे आली ती झोपेची तक्रार घेऊन.

‘फोनवर काय बोलता?’ मी विचारलं. तिने शेवटचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

‘जेवलीस?’

‘हो. तुम्ही?’

‘हो. अण्णा कुठायत?’

‘बाजारात गेलेत.’

अण्णा, म्हणजे तिचे सासरे, त्याच खोलीत कॉटवर पडून होते. आठवड्यापूर्वी छातीत दुखलं म्हणून त्यांना कुलाब्याच्या अश्विनी रुग्णालयात नेलं होतं, दोन स्टेंट टाकले होते. ‘बाजारात’ म्हणायला आणि अण्णांना खोकला यायला एकच गाठ पडली. पलीकडून क्षणभर आवाज नाही. मग, ‘बरं, ठेवतो.’ त्यानंतर त्याचे फोन आखूड होत गेले. हिला वाटे, तिकडे काहीतरी झालंय आणि हे लपवतायत. तोही तिकडे बसून तेच म्हणत असणार.

घरात खरा विरोध सासूबाईंचा होता. पुढच्या वेळी त्या स्वतःच आल्या. ‘मॅडम, त्याच्या हातात बंदूक असती. चित्त हललं आणि काही झालं, तर तुम्ही भरून देणार हाय का?’ प्रश्न रास्त होता. एप्रिल २०१३ मध्ये त्याच देशात, जोंगलेई भागात, हल्ल्यात पाच भारतीय जवान गेले आहेत. भीती खोटी आहे, असं मी कुठल्या तोंडाने म्हणणार? मी एवढंच विचारलं, की खोकला त्याने ऐकलाय, आता त्याचं चित्त ठिकाणावर असेल का? अर्धवट कळलेली गोष्ट माणूस मनात पुरी करतो, आणि वाईटच पुरी करतो. त्या गप्प बसल्या. पटलं असं काही म्हणाल्या नाहीत.

मग आम्ही सांगायची रीत ठरवली. आधी विचारायचं, ‘आत्ता मोकळे आहात का?’ ड्यूटीवर निघालेल्या माणसाला काही सांगायचं नाही. मोकळा असेल तर काय झालं, आम्ही काय केलं आणि तुम्ही काय करायचं, एवढंच. तिने वहीत लिहून काढलं: ‘अण्णांच्या छातीत दुखलं. अश्विनीत दोन स्टेंट टाकले, आता घरी आहेत, जिना चढायला मनाई आहे. तुम्ही रजा मागायची गरज नाही, रोज दोन मिनिटं त्यांच्याशी बोला.’ शेवटचं वाक्य महत्त्वाचं. लांबच्या माणसाला करण्यासारखं काहीतरी द्यावं लागतं, नाहीतर तो नुसता जळत बसतो.

तिने सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘खोकल्यावरनंच कळलं होतं मला.’ आणि मग पहिल्यांदाच त्याने, आपल्यालाही दोन रात्री झोप नव्हती, असं कबूल केलं. कुठे, कशामुळे, ते त्याने सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. ठिकाण, हालचाल, पुढचा मुक्काम फोनवर विचारायचा नसतो.

उरला प्रश्न फोन न येण्याचा. नकाशा उघडून पाहिलं, तर नासिर मलाकालपासून दोनशे किलोमीटरच्या आसपास. बातमी देशाच्या नावाने येते आणि आपण ती नवऱ्याच्या नावाने वाचतो. शिवाय आपलं घड्याळ तिथल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. तो रात्री आठला मोकळा झाला की इथे साडेअकरा वाजलेले, आणि ही रोज फोन उशाशी घेऊन जागी, सकाळी महापेला कामावर. फोनची वेळ ठरवणं आधी बंद करायला लावलं, कारण ठरलेली वेळ टळली की पुढचा प्रत्येक मिनिट खायला उठतो. त्याऐवजी दोघांनी व्हॉइस नोट टाकून ठेवायची, नेट येईल तेव्हा पोचेल. एक टिक म्हणजे नेट नाही, याहून जास्त अर्थ लावायचा नाही. बातम्या दिवसातून एकदा, उजेडी. काही बरंवाईट झालं तर घरी कळवण्याची जबाबदारी युनिटची असते, यूट्यूबवाल्याची नाही.

एवढं करूनही झोप येईना, छाती धडधडत राहिली, तर थांबू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. सैनिक आणि त्यांच्या घरच्यांसाठी त्याचा खास कक्ष १ डिसेंबर २०२३ ला पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, सुरू झाला. हिला त्याची गरज लागली नाही.

सासूबाईंनी मात्र व्हॉइस नोटचं तंत्र असं काही आत्मसात केलं, की सोसायटीतलं पाण्याचं भांडण, गावच्या चुलत्याने बांध कोरला ते, सगळं मलाकालला पोचू लागलं. महिन्याभराने मुलाचा निरोप आला: ‘आई, अण्णांचं सांग, बाकीचं मी आल्यावर ऐकतो.’