मासा आजारी दिसला की आधी पाण्याकडे बघा

या वेळी आलेल्या प्रश्नांत निम्म्याहून जास्त प्रश्न आजारी माशांचे आहेत आणि जवळजवळ प्रत्येकात एक वाक्य आहेच, "औषध टाकलं पण फरक नाही". म्हणून हा सगळा भाग त्यालाच दिलाय.

प्रश्न : ताई, दहा दिवसांपूर्वी 6 निऑन टेट्रा आणले आणि तसेच टँकमध्ये सोडले. चार-पाच दिवसांनी दोघांच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके आले, लोच (तळाशी राहणारा मासा) पण खडीवर अंग घासायला लागला. पांढऱ्या ठिपक्यांचं औषध आणून दोन दिवस टाकलं, ठिपके गेले म्हणून बंद केलं. आज बघतो तर आधीपेक्षा दुप्पट ठिपके, आता बाकीच्या माशांवर पण. औषध डुप्लिकेट असेल का? टँक 60 बाय 30 बाय 35 सेंटिमीटरचा आहे.

औषध बहुतेक खरंच असणार, तुम्ही ते फार लवकर बंद केलंत एवढंच. आणि ही चूक इतके जण करतात की मी जरा सविस्तर सांगते, कारण हा किडा जगतो कसा हे एकदा कळलं की पुढचं सगळं आपोआप समजतं.

या आजाराला सगळे "इक" म्हणतात, त्या परजीवीचं पूर्ण नाव इक्थियोफ्थिरियस. तुम्हाला जो पांढरा ठिपका दिसतो तो माशाच्या कातडीच्या आत बसलेला असतो, वर कातडीचं पांघरूण, त्यामुळे पाण्यातलं औषध तिथपर्यंत पोचतच नाही. तो आत बसून खातो, मोठा होतो आणि मग स्वतःहूनच माशाला सोडून खाली पडतो, खडीला, झाडाच्या पानाला नाहीतर काचेला चिकटतो, स्वतःभोवती एक कवच करतो आणि त्या कवचाच्या आत एकाचे शेकडो होतात. तिथेही औषध लागत नाही. ते कवच फुटून पिल्लं पाण्यात पोहायला लागतात आणि नवा मासा शोधतात, तेवढ्या वेळातच औषध त्यांना मारू शकतं. म्हणजे तुमचे ठिपके "गेले" तेव्हा किडे मेले नव्हते, पोट भरून खडीत उतरले होते, आणि नेमकं त्याच दिवशी तुम्ही औषध थांबवलंत, मग जी पिल्लं बाहेर आली त्यांना कोणी अडवायलाच नव्हतं.

आता काय करायचं. पहिलं म्हणजे पाणी नीट मोजा. 60 गुणिले 30 गुणिले 35 भागिले 1000 म्हणजे 63 लिटर, पण वरची रिकामी जागा आणि खाली खडी धरली तर प्रत्यक्षात पाणी 52-53 लिटरच भरेल, डोस त्यावर काढायचा. फिल्टरमध्ये कार्बन असेल तर काढून ठेवा, नाहीतर तुम्ही टाकलेलं औषध तो कार्बनच पिऊन टाकतो. पंचवीस टक्के पाणी बदला आणि बदलताना सायफन (पाणी ओढून काढायची नळी) खडीत खुपसून खालचा गाळ ओढून घ्या, कारण कवचं तिथेच आहेत, जेवढी पाण्याबरोबर बाहेर जातील तेवढी चांगली.

मग हीटर हळूहळू वाढवा, एका वेळी एक डिग्री, मध्ये काही तास जाऊ द्या, आणि 28-29 वर थांबा. उष्णतेने किडा मरतो असं बरेच जण समजतात, या तापमानाला मरत नाही, त्याचं चक्र फक्त पटपट फिरतं, थंड पाण्यात ज्याला काही आठवडे लागतात ते इथे चार-पाच दिवसांत होतं, म्हणून तो औषधाच्या तडाख्यात लवकर सापडतो. पण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो, 20 डिग्रीला लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम मावतो तर 30 ला साडेसात, आणि या आजारात कल्लेही खराब झालेले असतात, म्हणून एअरस्टोन (पंपाच्या हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा दगड) जास्तीचा लावाच, ही गोष्ट टाळू नका.

औषधात मॅलकाइट ग्रीन असेल (बऱ्याच बाटल्यांत असतं) तर तुमच्याकडे लोच आणि टेट्रा दोन्ही आहेत, दोघांनाही ते जड जातं. बाटलीवर अशा माशांसाठी वेगळा डोस दिला असेल तर तो, नसेल तर निम्मा. आणि त्याच्या जोडीला दुसरं औषध, तिसरं औषध असं काही नको, एकच धरून शेवटपर्यंत चालवा. शेवटचा ठिपका दिसेनासा झाला की तिथून पुढे आणखी एक आठवडा. हा आठवडा तुम्हाला उगाचचा वाटेल, मासे खेळत असतील, खात असतील, पण खरं काम त्याच आठवड्यात होतं.

मिठाबद्दल पण विचारलं असतंत म्हणून सांगून टाकते. लिटरला 1 ते 3 ग्रॅम मिठाने इक बरा होतो, प्लॅटी, मॉलीसारख्या माशांना ते छान चालतं, पण लोच, टेट्रा आणि टँकमधली झाडं यांच्यासाठी मी हात आखडता घेईन. ज्यांना वापरायचंय त्यांनी वेगळ्या भांड्यात विरघळवून एक-दोन दिवसांत थोडं थोडं करून टाकायचं, आणि लक्षात ठेवा पाणी उडून जातं मीठ उडत नाही, त्यामुळे पातळी कमी झाली म्हणून भर घालताना साधं पाणी घालायचं, मीठ फक्त जेवढं पाणी काढलं तेवढ्यापुरतंच.

आणि पुढच्या वेळी नवे मासे आले की चार आठवडे वेगळ्या टँकमध्ये. छोटासा टँक, एक स्पंज फिल्टर, एक हीटर, लपायला एखादा पाइपचा तुकडा, खडी नको. जाळी पण वेगळी. मुख्य टँकमधल्या वीस माशांना औषध पाजण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

प्रश्न : नवीन टँक लावून 12 दिवस झाले. पाणी काचेसारखं स्वच्छ आहे, तरी सगळे मासे वर येऊन तोंड उघडझाप करतायत, कल्ले लाल दिसतात. ओळखीच्यांनी निळं औषध टाकायला सांगितलं ते टाकलं, फिल्टर पण नळाखाली धुवून घेतला. अजून वाईट झालं. कुठला रोग आहे?

रोग नाहीये हा. विषबाधा आहे, आणि अगदी खरं सांगायचं तर निळ्या औषधाने आणि नळाच्या धुण्याने ती वाढली. तुमच्यावर राग नाही, मी स्वतः पहिल्या वर्षी फिल्टरचा स्पंज चकाचक धुवून परत लावला होता, चार दिवसांत निम्मे मासे दगावले आणि का ते मला खूप उशिरा कळलं, ते मासे मला अजून आठवतात.

मासे सतत अमोनिया सोडतात, उरलेल्या खाण्यातून पण तो होतो. जुन्या टँकमध्ये फिल्टरमधले बॅक्टेरिया त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, नायट्रेट बरंच सोसवतं. पण हे बॅक्टेरिया जमायला 4 ते 6 आठवडे लागतात, तुमचे तर 12 दिवसच झालेत. जे थोडे जमले होते ते नळातल्या क्लोरीनने गेले आणि उरलेसुरले त्या निळ्या औषधाने, मेथिलीन ब्लू असेल तर ते फिल्टरच्या बॅक्टेरियांना मारतं, ते वेगळ्या टँकमध्ये वापरायचं औषध आहे. काचेसारखं पाणी दिसतंय म्हणता, पण अमोनियाला रंग नसतो.

आजच टेस्ट किटने अमोनिया, नायट्राइट आणि पीएच (पाणी किती आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा) बघा. पीएच का, तर तोच अमोनिया 25 डिग्रीला पीएच 7 असताना जेमतेम अर्धा-पाऊण टक्का विषारी रूपात असतो आणि पीएच 8 ला पाच टक्क्यांच्या वर, त्यामुळे दोघांच्या किटचा रंग एकच असतो पण एकाचे मासे ठीक आणि दुसऱ्याचे धापा टाकत असतात. किट नसेल तर थांबू नका, 40-50 टक्के पाणी आत्ता बदला, नवं पाणी अँटीक्लोरीन घालून आणि त्याच तापमानाचं. पाणी रात्रभर ठेवलं की क्लोरीन उडतं हे काही ठिकाणी खरंय, पण पाण्यात क्लोरामाइन (काही ठिकाणी क्लोरीनऐवजी घालतात ते) असेल तर ते उडत नाही, म्हणून अँटीक्लोरीन घालायचंच. दोन दिवस खाणं बंद. नंतर दिवसाआड अगदी चिमूटभर. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येईपर्यंत रोज मोजा आणि लागेल तसं पाणी बदला.

नायट्राइट वाढलेला दिसला तर थोडं मीठ इथे खरंच जीव वाचवतं, कारण मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. कोणाच्या जुन्या निरोगी टँकमधला वापरलेला स्पंज मिळाला तर तो तुमच्या फिल्टरमध्ये टाका, सगळ्यात मोठी मदत तीच. आणि स्पंज धुवायचा तर टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळायचा.

प्रश्न : माझ्या मॉलीच्या तोंडाशी पांढरा कापूस आलाय, पाठीवर पण फिकट पट्टा आहे. इकसाठी तापमान वाढवतात म्हणून 30 केलं तर दोन दिवसांत तीन मासे गेले. असं का?

कारण हा इक नाही, आणि बुरशी पण बहुतेक नाही. तोंडाशी कापूस आणि पाठीवर खोगिरासारखा फिकट पट्टा म्हटलं की कॉलमनारिसचा संशय घ्यायचा, तो बॅक्टेरिया आहे आणि गरम पाण्यात जोमाने वाढतो. तापमान हळूहळू 24 च्या आसपास आणा, एकदम खाली नको. खरी बुरशी लोकरीच्या झुबक्यासारखी फुगीर असते आणि जखमेवर बसते, हा मात्र चपटा, करडट पांढरा असतो. आजारी मासे आजच वेगळे करा आणि माशांवर उपचार करणारे पशुवैद्य गाठा, याला अँटिबायोटिक लागतं आणि वेळ फार थोडा असतो. घरातल्या माणसांच्या कॅप्सूल फोडून टाकू नका, डोस चुकतो, फिल्टर मरतो आणि बॅक्टेरिया मात्र निगरगट्ट होतात.

प्रश्न : गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांवर बारीक पांढरे दाणे आहेत, बाकी अंगावर एकही नाही, खातो पण मस्त. औषध सुरू करू का?

नका करू. तो नर आहे आणि विणीला तयार झालाय! दाणे ओळीत, फक्त त्या दोन जागी आणि मासा चपळ असेल तर काळजी नाही.

प्रश्न : आमचा गोलमटोल गोल्डफिश खाल्लं की उलटा होऊन तरंगतो, थोड्या वेळाने परत सरळ होतो. दोन महिने चाललंय. मुलगी रोज रडते.

खाल्ल्यावरच होतं म्हणजे आधी पोटाचा संशय. दोन-तीन दिवस उपास, मासा त्याने मरत नाही हे मुलीला आधी समजावा. मग मटाराचा दाणा उकडून, साल काढून, कुस्करून. पुढे तरंगणारं खाणं बंद, बुडणारी गोळी पाण्यात भिजवून द्यायची म्हणजे वरवर हवा गिळली जात नाही. आणि पाणी तपासायचंच, ते इथेही सुटत नाही.

एवढ्याने फरक पडला तर छान, पण या गोल जातींमध्ये शरीर इतकं आखूड केलेलं असतं की आतल्या हवेच्या पिशवीला जागाच पुरत नाही, अशा वेळी तो पूर्ण बरा होणार नाही. तरी जगू शकतो. पाण्याची पातळी कमी ठेवा, फिल्टरचा प्रवाह मंद करा, खाणं तोंडाजवळ न्या. पोट सतत पाण्याबाहेर राहून तिथे लाल फोड येतात का ते रोज बघत जा.

प्रश्न : माझ्या बेटा माशाचं पोट फुगलंय आणि सगळे खवले बाहेर उभे राहिलेत, वरून बघितलं तर काटेरी दिसतो. चार दिवस काही खात नाही. वाचेल का?

खवले असे उभे राहिले म्हणजे शरीरात पाणी साठलंय, बहुतेक वेळा मूत्रपिंड निकामी व्हायला लागलेलं असतं, आणि या टप्प्यावरून परत आलेले मासे मी फार थोडे पाहिलेत. खोटी आशा देणार नाही. उथळ, स्वच्छ, 26-27 डिग्रीच्या पाण्यात वेगळा ठेवा, अंधूक उजेडात, आणि पशुवैद्याला दाखवता आलं तर दाखवा. एप्सम सॉल्टने (हे खायचं मीठ नाही, मॅग्नेशियम सल्फेट) सूज थोडी उतरते पण मूळ कारण जात नाही. त्याला त्रासच होत असेल तर वेदना न देता शेवट कसा करायचा हेही पशुवैद्यच सांगतील, त्याला जिवंत टॉयलेटमध्ये किंवा बर्फाच्या पाण्यात टाकू नका.

त्याच्या पाण्यात हात घालायच्या आधी स्वतःच्या हातावर चिरा, जखमा आहेत का ते बघा आणि असतील तर ग्लोव्ह घाला, सायफन तोंडाने ओढू नका, माशांमधला एक मायकोबॅक्टेरिया माणसाच्या कातडीत शिरून महिनोन्महिने न भरणारी गाठ करतो. त्याच्यासाठी वापरलेली जाळी दुसऱ्या टँकला वापरायच्या आधी नीट धुवून पूर्ण वाळू द्या.