वाचकांचे प्रश्न : टँकरचे पाणी आणि टीडीएसचा आकडा

प्रश्न : सिंहगड रस्त्यालगतच्या आमच्या सोसायटीला महापालिकेचे पाणी पुरत नाही. उन्हाळ्यात टँकर मागवावे लागतात आणि आवारातील बोअरचे पाणीही त्याच टाकीत सोडले जाते. टँकरवाला बादलीत टीडीएस मीटर बुडवून दीडशे-पावणेदोनशेचा आकडा दाखवतो आणि पाणी शुद्ध असल्याचे सांगतो. परिसरात लहान कारखानेही आहेत. हे पाणी उकळून प्यायले तर चालेल का?
– एक वाचक, धायरी

उत्तर : टँकरवाला दाखवतो तो आकडा खरा असेल, पण त्यावरून तो काढतो तो निष्कर्ष खरा नाही. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते एवढेच मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, तर शिशाची ०.०१ आणि एकूण क्रोमियमची ०.०५ मिलिग्रॅम. आपल्या मीटरवर सर्वांत लहान फरक दिसतो तो एका मिलिग्रॅमचा. म्हणजे शिसे मर्यादेच्या दहापट झाले, तरी पडद्यावरचा आकडा जागचा हलणार नाही. जंतूंचे तर नावच नको. टँकरमध्ये तांब्याभर सांडपाणी मिसळले, तरी टीडीएस दीडशेचा दीडशेच राहील.

मीटरचा एक उपयोग मात्र जरूर करून घ्यावा. पालिका पुरवते त्या खडकवासला धरणाच्या पाण्यात क्षार मुळातच कमी असतात, बोअरच्या पाण्यात ते बरेच जास्त असतात. पालिकेच्या भरणा केंद्रावरून आणल्याचे सांगितलेल्या टँकरचा टीडीएस सहाशे निघाला, तर ते पाणी कुठून भरले हे खडसावून विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

जानेवारी २०२५ मध्ये नांदेड, किरकटवाडी, धायरी या आपल्याच पट्ट्यात गियाँ-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले आणि काही रुग्णांच्या तपासणीत हा आजार ज्याच्या संसर्गानंतर होऊ शकतो तो कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला, हे आपल्याला आठवत असेलच. हा जिवाणू क्लोरिनला सहज बळी पडतो. म्हणून टँकर रिकामा करून घेण्यापूर्वी ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरिन उरले आहे का, याची तपासणी) करण्याची सवय सोसायटीने लावून घ्यावी. नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले की पिवळा रंग यायला हवा आणि तो सोबतच्या पट्टीवर किमान ०.२ मिलिग्रॅमच्या खुणेइतका हवा. (तपासलेले पाणी फेकून द्यावे, परत टाकीत ओतू नये.) पाणी बिनरंगाचेच राहिले, तर त्यात टीसीएल (क्लोरिनची) पावडर पडलेली नाही किंवा पाण्यातील घाणीनेच सगळे क्लोरिन खाऊन टाकले आहे. दुसरी शक्यता अधिक काळजीची, कारण अशा पाण्यात पावडर वाढवणे हा निव्वळ तात्पुरता उपाय ठरतो.

उकळण्याने जंतू मरतात, त्यामुळे ते अवश्य करावे. परंतु नायट्रेट, शिसे, क्रोमियम उकळून उडून जात नाहीत. उलट पाणी आटते तशी त्यांची तीव्रता वाढते. सांडपाणी आणि खते यांतून येणाऱ्या नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि सहा महिन्यांच्या आतील बाळाचे वरचे दूध करण्यासाठी त्याहून जास्त नायट्रेटचे पाणी वापरणे धोक्याचे असते.

माझ्या मते खरा प्रश्न टँकरपेक्षा आपल्या बोअरचा आहे. पुण्याखाली काळा पाषाण आहे आणि त्यात पाणी भेगांमधून वाहते. वाळूच्या थरातून गाळून निघावे तसे ते इथे गाळले जात नाही, त्यामुळे फुटलेल्या सेप्टिक टँकचे किंवा मुलामा देणाऱ्या कारखान्याने जमिनीत सोडलेले पाणी एखाद्या भेगेतून थेट बोअरमध्ये येऊ शकते. याच कारणाने शेजारच्या सोसायटीचा चांगला अहवाल आपल्या उपयोगाचा नाही. त्यांची भेग वेगळी, आपली वेगळी. नमुना टाकीतून न घेता बोअरच्या पंपावर घ्यावा. जंतूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेनेच दिलेली निर्जंतुक बाटली वापरून ती बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवावी. धातूंसाठी वेगळी बाटली मागावी. अर्जात ‘ई. कोलाय (विष्ठेतून पाण्यात येणारा जिवाणू), नायट्रेट, शिसे, क्रोमियम’ अशी नावे स्पष्ट लिहावीत, नाहीतर कठीणपणा आणि टीडीएस एवढ्यावरच अहवाल येतो. ही तपासणी पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा करावी.

अहवाल येईपर्यंत बोअरची जोडणी पिण्याच्या टाकीपासून तोडून फ्लश आणि बागेच्या लाइनीला द्यावी. प्लंबरचा हा खर्च सभेत मंजूर करून घेणे फार अवघड जाऊ नये.

प्रश्न : घरी आरओ असल्यास क्लोरिनची चिंता उरत नाही ना?
– एक वाचक, वाघोली

उत्तर : उरते. आरओमुळे क्षार आणि बरेचसे धातू निघतात, पण पाणी गाळणाऱ्या पडद्याच्या (मेम्ब्रेनच्या) आधी बसवलेला कार्बन फिल्टर क्लोरिनही काढून घेतो. त्यामुळे यंत्राच्या टाकीत साठलेल्या पाण्याला जंतूंपासून संरक्षण राहत नाही. गावाहून परतल्यावर ती टाकी पूर्ण रिकामी करूनच पाणी वापरावे.