क्रुगरला जा, पण दिवाळीत नको आणि कर्ज काढून नको

नाशिकच्या एका वाचकांनी लिहिलंय: "मी 53 वर्षांचा, खासगी कारखान्यात नोकरी. पत्नी 50 वर्षांची, शिक्षिका. पुढच्या वर्षी लग्नाला 25 वर्षं होतील. ताडोबा, पेंच, कान्हा झालं, आता एकदा आफ्रिकेतलं जंगल बघायचंय. एका टूर कंपनीनं दिवाळीचं नऊ दिवसांचं पॅकेज दिलंय: केप टाऊन, व्हिक्टोरिया फॉल्स आणि दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानाजवळ दोन रात्री, दोघांचे साडेनऊ लाख. 25 हजार टोकन भरलंय. दोघांचा मिळून हातात येणारा पगार 1 लाख 60 हजार. घरकर्जाचा हप्ता 26 हजार, अजून चार वर्षं. एसआयपी आणि घरखर्च जाऊन महिन्याला 22 हजार उरतात, दर सप्टेंबरला दीड लाख बोनस येतो. सहलीसाठी बाजूला टाकलेले 70 हजार आहेत, एफडीत 6 लाख, आणि मुलीच्या परदेशातल्या शिक्षणासाठी इक्विटी फंडात 18 लाख. ती दोन वर्षांत जाईल. कर्ज काढू, फंड विकू की निवृत्तीनंतर जाऊ? शिवाय बोट्सवानातलं ओकावांगोचं पाणथळ जंगल राहिलं तर हळहळ वाटेल, तेही जोडू का?"

आधी निवृत्तीचं बोलतो, कारण बहुतेक सल्लागार हसत "नंतर जा" म्हणून मोकळे होतील. मी तसं म्हणणार नाही. पहाटे साडेपाचला उठून उघड्या गाडीत थंडी सोसायची, तासन्तास खड्ड्यांच्या रस्त्यावर बसायचं, रात्रभराच्या विमानानंतर चारपाचशे किलोमीटर गाडीत काढायचे. हे 53 व्या वर्षी सहज होतं, 63 व्या वर्षी होईलच असं नाही. तुम्ही दोघं जंगलात रमणारी माणसं आहात, त्यामुळे हा खर्च मला चैन वाटत नाही. जा. फक्त हे पॅकेज घेऊ नका.

त्यातले पैसे कुठे जातात ते बघा. नऊ दिवसांत दोन देश, चार विमानतळ, आणि ज्याच्यासाठी निघालात त्या जंगलात दोनच रात्री. महाग काय आहे, तर धावपळ. वर दिवाळीचा काळ. त्या भागात मे ते सप्टेंबर हा कोरडा मोसम: गवत खाली बसलेलं, झाडं विरळ, पाण्यासाठी जनावरं नदीवर आणि पाणवठ्यांवर येतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात उकाडा वाढतो, पाऊस सुरू होतो, हिरवळ दाटते आणि मलेरियाचा धोकाही वाढतो. आपल्याकडून त्याच दिवसांत तिकिटंही महाग. तुमच्या पत्नीला मेमध्ये सुट्टी असतेच. मेअखेर ते जूनचा पहिला आठवडा धरा. तिथल्या शाळांची हिवाळी सुट्टी त्यानंतर लागते, म्हणून कॅम्पही मिळतात.

आता कर्ज. साडेनऊ लाख, 13 टक्के, तीन वर्षं: हप्ता सुमारे 32 हजार. तुमच्याकडे उरतात 22 हजार. म्हणजे पहिल्याच महिन्यापासून एसआयपीला कात्री, आणि तीन वर्षांत दोन लाखांवर व्याज. हा रस्ता बंदच समजा.

फंड विकण्याबद्दल तुम्ही विचारलंत ते बरं झालं, कारण मला त्यात सहलीपेक्षा मोठी काळजी दिसते. दोन वर्षांत लागणारे 18 लाख सगळेच्या सगळे इक्विटीत का आहेत? ऐन फी भरायच्या वेळी बाजार 25 टक्के खाली असला तर साडेचार लाखांचं भगदाड पडेल, आणि विद्यापीठ काही बाजार वर येईपर्यंत थांबत नाही. आजपासून टप्प्याटप्प्यानं ते पैसे एफडी किंवा लिक्विड फंडात आणा. दीर्घ मुदतीच्या नफ्यावर वर्षाला सव्वा लाखापर्यंत कर नाही, त्यावर साडेबारा टक्के. विक्री दोन-तीन आर्थिक वर्षांत वाटली तर ही सूट तितक्या वेळा मिळते. पण त्यातला एक रुपयाही सहलीकडे वळवायचा नाही. एफडीतले 6 लाखही तसेच राहू द्या. घरकर्ज चालू असताना आणि एक नोकरी खासगी असताना ही रक्कम फार नाही.

मग पैसे येणार कुठून? आजपासून पुढच्या वर्षीच्या मेअखेरीपर्यंत 14 महिने आहेत. 22 हजारांप्रमाणे 3 लाख 8 हजार, बोनस दीड लाख, बाजूचे 70 हजार. झाले 5 लाख 28 हजार, वर थोडं व्याज. एवढ्यात क्रुगर होतं, आणि मनासारखं होतं.

ताडोबात आपण सहसा स्वतःची गाडी आत नेऊ शकत नाही. क्रुगरमध्ये स्वतःची गाडी घेऊन फिरता येतं, आणि सगळं गणित बदलतं ते इथे. उद्यान उत्तर-दक्षिण साधारण 350 किलोमीटर, मुख्य रस्ते डांबरी, वेगमर्यादा डांबरीवर 50 आणि कच्च्या रस्त्यावर 40. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूनं. आत सरकारी कॅम्प आहेत: सबी नदीकाठचे स्कुकुझा आणि लोअर सबी, मध्यभागी गवताळ प्रदेशात सातारा. (होय, सातारा. तिथल्या 17 नंबरच्या जमिनीला एका हिंदुस्थानी मोजणीदाराच्या तोंडून 'सतरा' हे नाव पडलं, असं सांगतात. सिंहांसाठी तो भाग नावाजलेला आहे.) स्वयंपाकघर असलेली घरकुलं मिळतात, तेव्हा शाकाहारी असलात तरी पिठलं-भात रांधून खाता येईल.

माझा अंदाज दोघांचा मिळून असा. विमान 1 लाख 30 हजार. वाटेत एक मुक्काम 8 हजार, आत सहा रात्री 66 हजार. संवर्धन शुल्क परदेशी माणसाला दिवसाला 600 रँडच्या (रँड हे तिथलं चलन) आसपास पडतं, म्हणून 45 हजार धरा. भाड्याची गाडी, तिचा विमा आणि पेट्रोल 42 हजार. व्हिसा, प्रवास विमा, औषधं 28 हजार. जेवण, पहाटेच्या एकदोन सरकारी सफारी आणि बक्षिसी 40 हजार. आणि सुरुवातीला क्रुगरला लागून असलेल्या खासगी अभयारण्यात दोन रात्री, 1 लाख 60 हजार. एकूण 5 लाख 20 हजारांच्या घरात.

ही दोन रात्रींची रक्कम डोळ्यांत भरेल. तरी मी ती ठेवली आहे. तिथे माग काढणारा माणूस सोबत असतो, बिबट्यामागे गाडी रस्ता सोडून झुडपात जाते, अंधार पडल्यावरही फिरता येतं. सरकारी उद्यानात तुमच्या गाडीतून यातलं काहीच चालत नाही. दोन दिवस त्या माणसाची नजर बघितलीत की पुढचे सहा दिवस तुम्हाला स्वतःलाच जास्त दिसेल.

यातले साडेतीन लाख रँडमध्ये जातात. रँड दहा टक्के वधारला तर 35 हजारांचा फटका. तसं झालं तर खासगी मुक्कामाची एक रात्र कमी करा, 80 हजार सुटतात. एफडीला मात्र हात नको.

परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच आगाऊ घेतला जाणारा कर, कापला जातो. ऑक्टोबर 2023 पासून 7 लाखांपर्यंत 5 टक्के आणि वर 20 टक्के होता, एप्रिल 2025 मध्ये मर्यादा 10 लाखांवर नेली होती. तो अर्थसंकल्पागणिक हलतो, म्हणून पॅकेज घेणाऱ्यांनी पैसे भरायच्या आठवड्यात दर विचारावा. तो करात वळता होतो. नोकरदारांनी कंपनीला कळवलं तर पगारातला टीडीएस तेवढा कमी करून घेता येतो. तुम्ही बुकिंग स्वतः केलंत आणि बँकेतून वर्षाला माणशी 10 लाखांच्या आत रक्कम पाठवलीत, तर हा प्रश्नच येत नाही.

तिकीट काढताना एक जपा. आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे स्वस्त तिकिटं मिळतात, पण तिथे 12 तासांहून जास्त थांबा पडला तर दक्षिण आफ्रिकेत पीतज्वराच्या (यलो फीवर) लसीचा दाखला मागतात. परतताना त्या देशात विमानतळाबाहेर पाऊल टाकलंत तर आपल्याकडेही मागतात, आणि नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. छोट्या थांब्याचंच तिकीट घ्या. प्रवास विम्यात दुर्गम भागातून रुग्णालयात हलवण्याचा खर्च आहे ना, ते पॉलिसीत वाचून घ्या.

ओकावांगोचं. बोट्सवानानं मुद्दामच थोडे पर्यटक आणि चढे दर हे धोरण ठेवलंय. बरेच कॅम्प छोटे, पोचायचं छोट्या विमानानं. तीन रात्री जोडल्या तर हा सगळा हिशेब दुप्पट होईल. घरकर्ज चार वर्षांत फिटतंय, 26 हजारांचा हप्ता सुटला की वेगळी एसआयपी उघडून त्याचा विचार करू. तेव्हा जायचं ते जून-ऑगस्टात, अंगोलातल्या पावसाचं पाणी काही महिन्यांनी तिथे पसरतं तेव्हा.

कामांचा क्रम असा ठेवा: 22 हजारांची आरडी या महिन्यापासून, सरकारी कॅम्प जवळजवळ वर्षभर आधी, बोनस आला की खासगी मुक्काम, तिकिटं जानेवारी-फेब्रुवारीत. मुलीचा फंड हलवायला मात्र बोनसची वाट बघू नका. आणि टूर कंपनीला याच आठवड्यात लेखी कळवून टोकन परत मागा. पावतीवरच्या अटींप्रमाणे ते परत मिळत नसेल तर 25 हजार गेले म्हणून सोडून द्या, त्यांच्यापायी उरलेले सव्वानऊ लाख भरू नका.