झडती थांबत नसते, पंचनामा सांभाळा

ताई, तुमच्या अशिलावर चीटिंगची केस आणि तपास अधिकारी (आयओ) तुमच्या ऑफिसचा कॉम्प्युटरच उचलून न्यायचं म्हणतोय, हे वाचून आमचेच जुने दिवस आठवले. ‘वकील-अशील गोपनीयता आहे, हात लावू देणार नाही’ एवढ्यावर भागणार नाही हो. साक्ष्य अधिनियमाचं (बीएसए) कलम १३२ अशिलाने काय सांगितलं, तुम्ही काय सल्ला दिला ते झाकतं. वकिलाकडचे कागद मात्र मागता येतात, पण कोर्टापुढेच, असं सुप्रीम कोर्टाने ३१ ऑक्टोबर २०२५ च्या निकालात म्हटलंय. डिव्हाइसचंही तेच, शिवाय ते उघडताना अशील, वकील आणि त्यांच्या पसंतीचा टेक्निकल माणूस हजर हवा आणि बाकीच्या अशिलांची माहिती बाहेर पडता कामा नये. वॉरंट घेऊनच आले तर नुसता निकाल दाखवून परत जातील असं मात्र समजू नका.

आम्हाला सगळ्यात महाग पडला तो पंचनामा. तपास करणाऱ्या ऑफिसने (नाव घेत नाही) आमचा अख्खा सीपीयू नेला आणि लिहिलं काय, ‘काळ्या रंगाचा संगणक, एक नग’. सिरियल नंबर नाही, हॅश व्हॅल्यू (डेटा नंतर बदलला का ते दाखवणारा आकडा) नाही, सीलचा उल्लेख नाही, पंच त्यांनीच सोबत आणलेले. एका फोल्डरपायी घटस्फोटाच्या, जमिनीच्या, सगळ्यांच्या फायली गेल्या आणि मधल्या काळात मशीन कोणी उघडलं का हे आजतागायत कळलं नाही. विचारायला गेलं की आयओ म्हणणार लॅबला पाठवलंय, लॅब म्हणणार आयओला विचारा, आणि मुद्देमाल कारकून कायम जेवायला गेलेला.

म्हणून माझं स्पष्ट मत, मशीन अडवण्यात ताकद घालवू नका. जागेवर डिस्कची इमेज (हुबेहूब प्रत) काढा, हॅश पंचनाम्यात घ्या, सील करून कोर्टात जमा करा, यावर अडून बसा. ऐकलं नाही तर हरकत स्वतःच्या हाताने लिहून द्या, पोच देत नसतील तर तिथूनच ईमेल टाका. नागरिक सुरक्षा संहितेच्या (बीएनएसएस) कलम १०५ प्रमाणे झडतीचं शूटिंग आता बंधनकारक आहे, तर हरकत कॅमेऱ्यासमोर मोठ्याने वाचा, आणि त्याच दिवशी मॅजिस्ट्रेटकडे अर्ज.

घाबरून काही डिलीट करू नका, तो वेगळा गुन्हा होतो. बाकीच्या अशिलांना तुम्हीच फोन करा, बार रूममधून कळलं तर गेलेच ते दुसऱ्या वकिलाकडे.

तुमचे कागद मी पाहिलेले नाहीत, सिनियरना विचारूनच करा. आणि गुन्ह्यात तुमच्याच ऑफिसचा हात असल्याचा आरोप असेल तर वरचं बरंचसं लागू नाही, आधी स्वतःसाठी वकील बघा. त्यांच्याकडे वॉरंट आहे की नुसती बीएनएसएस कलम ९४ ची, वस्तू हजर करा म्हणणारी नोटीस, ते लिहा, अर्जात काय मागायचं ते त्यावर ठरेल.