आधी दुखणं विचार, मग कोन मोज

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

शाळांतल्या पाहणीचा तुझा आराखडा सावकाश वाचला. विषय चांगला निवडलास. सांधे सैल असलेल्या पोरांचं दुखणं आपल्याकडे कुणी मनावर घेत नाही. घरात म्हणतात, वाढीचं वय आहे, पाय दुखणारच. शाळेत म्हणतात, पीटी चुकवायला नाटकं. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आणि एक्स-रे साफ आला की डॉक्टरही गोळी लिहून मोकळे होतात.

पण निम्मी पानं तू बेटन गुणांवर, म्हणजे सांधे किती सैल ते मोजण्यावर, खर्ची घातलीस. करंगळी नव्वद अंशांपलीकडे जाते का, अंगठा मनगटाच्या वर हाताच्या आतल्या बाजूला टेकतो का, कोपर-गुडघे दहा अंशांहून जास्त उलटे वाकतात का, गुडघे ताठ ठेवून तळवे जमिनीला लागतात का. डावं-उजवं वेगळं धरून सगळे मिळून ९ गुण. पीटर बेटन आणि सहकाऱ्यांनी १९७३ साली दक्षिण आफ्रिकेतल्या पाहणीतून ही पद्धत मांडली. पटकन होते, म्हणून टिकली. पण तिच्यात खांदा नाही, घोटा नाही, आणि दुखण्याचा तर एकही गुण नाही. ८ गुणांची पोरगी लेझीम पथकात मजेत नाचते आणि ६ गुणांची रात्रभर कूस बदलत राहते, असं तुला दिसेलच. त्यातून भारतीय वंशाच्या लोकांचे सांधे युरोपियनांपेक्षा मुळातच जास्त लवचिक. सैल सांधा म्हणजे आजार असं धरून चाललीस तर खानापूरच्या एकाच शाळेत तुझे फॉर्म संपतील.

सांधे सैल करणाऱ्या एह्लर्स-डॅनलॉस या जन्मजात आजाराच्या २०१७ च्या वर्गीकरणात वयात येण्याआधी किमान ६ आणि नंतर ५ गुण असा उंबरठा आहे. मुलांसाठी २०२३ मध्ये वेगळी चौकट आली, ती नीट वाच. तुझी पोरं नेमकी वयात येण्याच्या सीमेवरची आहेत.

तीन महिन्यांच्या वर टिकलेलं दुखणं वेगळं वागतं. मज्जासंस्थाच हळवी होते, सांध्यात नवी इजा नसली तरी कळ येते, आणि ती कळ खरी असते. म्हणून "किती दुखतं, दहापैकी सांग" एवढ्यावर थांबू नकोस. काय करायचं सोडलंस, ते विचार. झोप, थकवा, उभं राहिल्यावर येणारी चक्कर, हालचालीची भीती, हे सगळं विचार. दहावीच्या पोरीला एक पान लिहायला दे आणि तिचा हात बघ. तर्जनीचं टोकाचं पेर आत वाकतं, नखाखाली पांढरं पडतं, चौथ्या-पाचव्या ओळीला ती पेन ठेवून बोटं झटकते. एसएसएलसीचा तीन तासांचा पेपर तिला किती जड जातो, ते कोनमापकाला कळणार नाही.

शिवाय खेळाचं दुखणं बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी उठतं. "गेल्या महिन्यात किती दुखलं" याचं उत्तर कुणालाच धड देता येत नाही. आठवडाभराची छोटी वही दे.

आईसमोर एकदा विचार, मग मुलीला एकटीला. घरी मराठी आणि शाळा कन्नड अशी पोरं आपल्या भागात पुष्कळ. फॉर्म दोन्ही भाषांत ठेव, निवडू दे त्यांना. पालकांच्या संमतीबरोबर बारा वर्षांपुढच्या मुलांची स्वतःची लेखी संमतीही लागते, आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं तसंच सांगतात.

आणि हे मात्र हात जोडून सांगते: "पुन्हा एकदा वाकवून दाखव" असं कुणालाही म्हणू नकोस, फोटोसाठी तर नाहीच. वर्गात पोरं आधीच त्यांना तमाशा करायला लावतात. मोजून झालं की स्नायू बळकट करणारे चार साधे व्यायाम शिकवूनच ऊठ.

पाहणी गणपतीनंतर धर. त्याआधी जांबोटीकडच्या शाळांना पावसाची सुट्टी पडत राहते आणि लावणीच्या दिवसांत पोरं शेतात वाकलेली असतात, तेव्हाचं दुखणं कशामुळं ते वेगळं काढता येणार नाही. निपाणीकडे जाशील तेव्हा घरच्या तंबाखूच्या कामाचाही एक रकाना ठेव.

नवा फॉर्म तयार झाला की पाठव. मुख्याध्यापकांशी मी बोलून ठेवते.

तुझी,
मॅडम
बेळगाव