करिझ्मा विकण्याआधी

भाऊ, २००५ ची करिझ्मा मोटारसायकल ठेवायची की नवी घ्यायची, हे शोरूममध्ये उभं राहून ठरवू नको. आधी तिच्यावर चाळीसगावहून कन्नड घाट चढून ये. ओढ कमी वाटली तर लगेच इंजिन गेलं समजू नको. कार्बोरेटर साफ कर, क्लच प्लेटा बघ. निळा धूर निघत असेल तर इंजिनातल्या पिस्टन रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील झिजले असतील. तेही काम होतं, फक्त अस्सल पार्ट मिळेपर्यंत धीर हवा.

खरा प्रश्न ब्रेकचा आहे. मागे ड्रम ब्रेक, एबीएस म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सोय नाही. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरावर आणलेली काळी माती तुला माहीत आहेच. तशाच मातीवर माझ्या जुन्या गाडीचं पुढचं चाक लॉक झालं होतं. गुडघ्यावरची खूण अजून आहे. २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. रोज धुळे-जळगाव करत असशील, तर एवढ्या एका कारणासाठी नवी घे.

जुनी मात्र घाईनं विकू नको रे. सावलीत ठेव, आठवड्यातून एकदा फिरवून आण.