लेव्हल १५० असूनही दोन फटक्यांत आडवा होतोयस?

अरे, दोष तुझ्या हाताचा नाही. एल्डन रिंग गेमच्या ‘शॅडो ऑफ द एर्डट्री’ या जोडभागात (DLC) नुसत्या लेव्हलवर भागत नाही. स्कॅडूट्रीचे तुकडे गोळा कर आणि ग्रेसपाशी, म्हणजे विसाव्याच्या जागी, बसून ते वापर, ब्लेसिंग वाढव; ही या जोडभागापुरती वेगळी ताकद. त्याने तुझा फटका जड होतो, बॉसचा हलका. एकूण तुकडे ५०, ब्लेसिंग २०पर्यंत. मिकेलाचा क्रॉस (चमकणारी खूण, तिथे बहुतेकदा तुकडा असतो) दिसला की आधी तिकडे वळ, बॉस कुठे पळून जात नाही.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- सुरुवातीलाच ब्लॅकगेओल नाइट या अवघड बॉसशी पंगा. दार उघडं दिसलं म्हणून शिरायलाच हवं का? नंतर ये.
- घाबरून मागे लोळणं. बॉस झेप घेऊन गाठतोच. त्याच्या बगलेकडे लोळ. डान्सिंग लायन या बॉससमोर तर तोंडापाशी थांबूच नकोस, मागच्या पायांशी चिकटून राहा.
- हावरटपणा. संधी मिळाली की एकच फटका, हिरवी पट्टी (दम, म्हणजे स्टॅमिना) लोळायला शिल्लक ठेव.

मिमिक टियर, म्हणजे तुझ्यासारखाच लढणारा मदतनीस आत्मा, खुशाल बोलाव. ‘ही चीटिंग’ म्हणणारे आपल्या ऐरोलीच्या ग्रुपवरही आहेत, म्हणू देत.

बिल्ड, तावीज वगैरे आत्ता नको. आधी ब्लेसिंग चार-पाचवर ने. रविवारी ठाण्याहून येतोयस तर कंट्रोलर घेऊन ये.